एडनमध्ये भेटलेली वैनी

माझं लग्न झालं तेव्हा माझे यजमान नगरच्या कॅम्पात एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात कपडे बेतायचं काम करत होते. त्या दुकानात पलटणीचे गणवेश शिवले जात. मी जामखेड तालुक्यातल्या एका कोरडवाहू खेड्यातली, मराठी चौथी पास झालेली. आमच्या गावात मुसलमानांची घरं मोजकीच, सगळी शेती करणारी, आणि बोलणं सगळ्या गावासारखंच. नगरला सासरी आले तर तिथे घरात दखनी बोलायचे. मी तोंड उघडलं की सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. "हिला काय शेतातून उपटून आणलीय?" म्हणायच्या. पण बाई प्रेमळ होत्या. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणत असू.

दुकानाच्या मालकांनी एडनला शाखा काढली, आणि तिथे भरवशाचा माणूस हवा म्हणून यांना पाठवलं. हे आधी एकटेच गेले. वर्षभर मी अम्मांजवळ राहिले. मग निरोप आला, जागा मिळाली आहे, तिला पाठवा. लढाई तेव्हा सुरू झाली होती, पण ती तिकडे युरोपात. आमच्यापर्यंत ती येईल असं कुणाला वाटत नव्हतं. मालकांचे एक वयस्क नातेवाईक आपल्या बायकोला घेऊन त्याच बोटीने निघणार होते. त्यांच्या सोबतीने मी जायचं ठरलं.

मला निरोप द्यायला माझे वडील जामखेडहून सर्व्हिस मोटारीने नगरला आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले,

"एडन म्हंजी कुठशी आलं गं?"

"समुद्रापलीकडं, बाबा. अरबस्तानात."

"मक्केच्या वाटंवर?"

"व्हय. बोटी तिथं थांबत्यात म्हनं."

"मंग चांगलंच हाय की." मग त्यांनी मला शेतकऱ्याचा प्रश्न विचारला. "पाऊसपानी कसं हाय तिकडं?"

मला काय माहीत? मी म्हटलं, "समुद्र हाय म्हंजी आसंलच की पानी."

बोटीवर मी बरेच दिवस आडवीच होते. पोटात काही ठरत नव्हतं. सोबतच्या म्हाताऱ्या बाई लिंबाचं लोणचं चाटवायच्या आणि "झालं, आता आलंच," असं रोज सांगायच्या. एका सकाळी खरोखरच आलं. मी कठड्याला धरून उभी राहिले. समोर काळेकभिन्न डोंगर. त्यांच्यावर गवताची काडी नाही. डोंगरांच्या पायथ्याशी पांढरी घरं, आणि वर ऊन असं की बघवत नव्हतं. मला रडू यायला पाहिजे होतं, पण हसू आलं. दुष्काळी मुलखातून निघाले ती त्याच्या थोरल्या भावाच्या घरी येऊन पोचले होते.

हे धक्क्यावर घ्यायला आले होते. वर्षभरात वाळले होते, काळे पडले होते. मी पहिलं वाक्य काय बोलावं? "इथं झाडं कुठं आहेत?"

"आहेत," ते म्हणाले. "एक-दोन आहेत. दाखवीन तुला."

आमची जागा डोंगरांनी वेढलेल्या जुन्या गावात होती. तिथली हिंदी माणसं त्या वस्तीलाही कॅम्पच म्हणायची, त्यामुळे यांना नगर सोडल्यासारखंच वाटत नव्हतं, असं ते थट्टेने म्हणत. घर एका अरब विधवेचं होतं. खाली ती राहायची, माडीवर आम्ही दोन खोल्यांत. तिचा नवरा व्यापारी होता, मुंबईला गलबतं न्यायचा, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागलो. अंगाने भरभक्कम, आवाज मोठा, आणि दुपारभर जिन्याखाली बसून कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत असायची. सुरुवातीला मला वाटायचं ही भांडतेय. पुढे कळलं, तिचं बोलणंच तसं होतं.

तिने मला वर-खाली न्याहाळलं आणि यांना विचारलं, "मुसलमान आहे ना ही? मग साडी कशी नेसते?"

हे म्हणाले, "आमच्याकडे सगळ्याच नेसतात."

"आणि अरबी?"

"नमाजापुरती."

खाला मोठ्याने हसली. माझ्या साडीचा पदर बोटांत धरून तिने कापड चाचपलं आणि म्हणाली, "सुती आहे. इथल्या उन्हाला बरी."

पाण्याची गोष्ट सांगायला पाहिजे. एडनला नद्या-नाले नव्हते. पिण्याचं पाणी लांबच्या विहिरींवरून उंटाच्या गाडीतून यायचं. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली की बायका-गडी घागरी, डबे घेऊन गोळा व्हायचे. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आमच्या गावी उन्हाळ्यात आडाच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरलेली बाई मी. मी सकाळीच घागर घेऊन जाऊन बसायची.

आठवडाभरातच त्या गाडीपाशी मला ऐकू आलं, "आरं ए मेल्या, डोस्क्यावर पाय देतो का काय माझ्या! दिसत न्हाई व्हय तुला?"

मी वळून बघितलं. एक नाजूक, गोरीशी बाई, कपाळावर मोठं कुंकू, काष्ट्याचं लुगडं, एका सोमाली गड्याच्या अंगावर धावून गेली होती. त्या गड्याला अर्थातच काही कळत नव्हतं. तो हात जोडून हसत होता.

"बाई," मी म्हटलं, "त्याला मराठी येत न्हाई."

ती जागच्या जागी थांबली. घागर खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या साडीवरच्या काळ्या बुरख्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "तुमाला येती व्हय?" एवढंच म्हणाली.

तिचा नवरा टपालखात्यात होता. त्याची बदली होऊन ते दोन महिन्यांपूर्वी आले होते. तीही आमच्याच जिल्ह्यातली निघाली, पण पार दुसऱ्या टोकाची. भंडारदऱ्याकडची, अकोले तालुक्यातली. जिथे चार महिने छपरावरून धार खंडत नाही, त्या मुलखातली. बिचारीने जन्मात कधी पाणी मोजून वापरलं नव्हतं. भात, भाताची पेज, भाताचंच सगळं खाऊन वाढलेली. इथे येऊन ती निम्मी झाली होती.

मी तिला वैनी म्हणायला लागले. यांनी तिला सांगितलं की आमच्यात थोरल्या बहिणीला आपा म्हणतात, म्हणून ती मला आपा म्हणायला लागली. खरं तर ती माझ्यापेक्षा मोठी होती, पण ते आम्हाला फार पुढे कळलं, आणि तोवर बदलणं जमण्यासारखं नव्हतं.

मी तिला पाणी वाचवायला शिकवलं. भाजी धुतलेलं पाणी कुठे वापरायचं, अंग पुसून कसं घ्यायचं, भांडी आधी राखेने कोरडी घासून मग एका तांब्यात कशी विसळायची. ती सगळं ऐकायची आणि म्हणायची, "आपा, तुमी लोकं जगता कसं हो जामखेडात?" मी म्हणायची, "जगतो की. तुमच्यासारखी बुरशी येत नाही अंगाला."

रोजचं येणं-जाणं होतं, पण एक गोष्ट होती. वैनी आमच्या घरी पाणी घेत नव्हती. यायची, उंबऱ्याजवळ बसायची, तासन् तास बोलायची. मी सरबत केलं तर म्हणायची, "आत्ताच पिऊन आले." मला कारण ठाऊक होतं. गावी हेच बघत मोठी झाले होते. मनाला लागत नव्हतं असं नाही, पण मराठी बोलायला मिळत होतं, तेवढ्यासाठी मी ते सोडून दिलं. विचारून तिला लाजवायचं माझ्या जिवावर यायचं.

मग त्या उन्हाळ्यात इटली लढाईत उतरली आणि समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून त्यांची विमानं एडनवर यायला लागली. पुष्कळ हिंदी कुटुंबं परत गेली. यांच्याकडे गणवेशांचं काम दुपटीने वाढलं होतं, टपालखातं तर बंद होणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघी राहिलो.

एका दुपारी भोंगा वाजला तेव्हा वैनी माझ्याकडेच होती. दोघींचे नवरे कामावर. खालाने खालून हाक मारली आणि आम्ही पळत तिच्या आतल्या खोलीत शिरलो. त्या खोलीच्या भिंती दगडी, हातभर जाडीच्या. खाला, तिच्या दोन सुना, आम्ही दोघी, सगळ्या जमिनीवर दाटीने बसलो. बाहेर धडामधुडूम चालू होतं. वरून माती पडत होती. वैनी माझा दंड इतका घट्ट धरून बसली होती की पुढे कितीतरी दिवस तिच्या बोटांचे वळ दिसत होते. खाला मोठमोठ्याने दुवा म्हणत होती, आणि मध्येच थांबून त्या विमानवाल्यांच्या आयांचा उद्धार करत होती.

बराच वेळ गेला. वैनीचे ओठ कोरडे पडले. तिला बोलता येईना. खालाने कोपऱ्यातल्या मडक्यातून कटोराभर पाणी काढलं, स्वतः घोटभर प्याली, मला दिलं, मी प्याले. मग कटोरा माझ्या हातात तसाच राहिला. पुढे करावा की नाही मला कळेना.

वैनीने तो माझ्या हातातून घेतला आणि सगळा रिकामा केला.

आम्ही दोघी त्याबद्दल तेव्हा बोललो नाही, नंतरही कधी नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, उंबरा ओलांडून थेट चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "काय केलंय? वास तर चांगला येतोय."

विमानांचा त्रास पुढे कमी झाला, मग थांबलाच. आमचे दिवस आपल्या वळणाने चालले.

मला तिथे एकाच गोष्टीची भूक होती, भाकरीची. गहू मिळायचा, तांदूळ मिळायचा, पण आठवड्यातून एकदा तरी ताटात भाकरी नसली की जेवल्यासारखं वाटायचं नाही. एकदा हे मला बाजारात घेऊन गेले होते. आतल्या मुलखातून आलेले उंट बसले होते, आणि एका अरबाने पुढे पोतं उघडून ठेवलं होतं. मी मूठ भरून घेतली. ज्वारी! थोडी तांबूस, दाणा बारीक, पण ज्वारीच. मी बाजारात सगळ्यांसमोर ओरडले, "अहो, ही बघा!" हे घाबरले. त्यांना वाटलं मला काही चावलं.

आणली, खालाच्या जात्यावर दळली. वैनी बघायला बसली होती. तिच्याकडे नागलीची भाकरी करत, ज्वारीची तिला फारशी सवय नव्हती. पण थापताना आवाज झाला तशी खाला जिना चढून वर आली. तिच्या घरीही ज्वारीचं पीठ होतं, मला त्याचा पत्ताच नव्हता, पण ती ते आंबवून, पातळ करून, तव्यावर ओतून जाळीदार पोळी करायची. आमच्या आंबोळीसारखी. हाताने थापून, पाणी लावून, फुगवून भाकरी करतात हे तिने कधी बघितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी टम्म फुगली तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली.

"मला शिकव," म्हणाली.

तिला काही जमलं नाही. तिच्या भाकरीला कायम कडेने चिरा पडायच्या, मध्ये भोक पडायचं. ती भोकातून माझ्याकडे बघायची आणि हसायची. पण हट्टाने करत राहिली. एका सुनेला मात्र फार चांगली जमायला लागली, आणि मग आमच्या गल्लीत चार घरी तरी भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. वैनीचा नवरा म्हणायचा, डोळे मिटले की जामखेडच्या स्टँडवर उतरल्यासारखं वाटतं. तो जामखेडला जन्मात गेला नव्हता.

खालाचा भाऊ एडनच्या बाहेर, लहेजच्या बाजूला शेती करायचा. तिकडे ओढ्याला पाणी असतं आणि शेतं हिरवी असतात, असं खाला नेहमी सांगायची. थंडीच्या दिवसांत तिने आम्हा दोघींना, नवऱ्यांसकट, तिकडे न्यायचं ठरवलं. एका ओळखीच्या लॉरीत बसून गेलो. वाटेत नुसती वाळू. आणि मग एकदम खजुरीची झाडं, पाट, आणि ताठ उभी ज्वारी. कणसं चिकात भरलेली. मला लॉरीतून उडी मारावीशी वाटली.

पुरुष बाहेर बसले. आम्हाला आतल्या अंगणात नेलं. मी वैनीला म्हटलं, "आता ह्या बायकांना मी हुरडा खाऊ घालते बघ. ह्यांनी कधी बघितलाही नसेल." खालाला समजावून सांगायला लागले की आमच्याकडे कणसं कोवळी असतानाच आगटी पेटवतात, आरावर भाजतात, हातावर चोळतात. खालाने मला मध्येच थांबवलं. "काय सांगतेस ते मला कळत नाही. आधी बस, खा."

आणि तिच्या भावजयीने पुढे सूप ठेवलं. त्यात भाजलेली हिरवी ज्वारी, चोळून, पाखडून. अजून गरम.

मी वैनीकडे बघितलं, वैनीने माझ्याकडे. मी एक मूठ तोंडात टाकली. तीच चव. तोच धुरकट गोडवा. त्यांच्यात त्याला जहीश म्हणत. आमच्याकडे लोक हुरड्यावर तिखट चटणी, गूळ घेतात, तिथे त्यांनी तूप आणि मध दिला होता. मी माझ्या वडिलांच्या बांधावर नाही, आणि हे लोक माझे कोणी नाहीत, हे मला तिथे बसल्या बसल्या पटेना. भावजयीने विचारलं, "आवडलं?" मी म्हटलं, "हे माझ्या माहेरचं आहे." खालाने ते अरबीत सांगितलं. त्या बाईने हसून माझ्या ओंजळीत आणखी ओतलं, आणि म्हणाली की मग ही आमच्याच कुठल्यातरी चुलत्याची मुलगी असणार.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपण खालानेच केलं, वैनी माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी खालाच्या अंगाखांद्यावर वाढली. दिवसभर खाली असायची, भूक लागली की वर. त्यामुळे ती पहिले शब्द कोणते बोलणार याची आम्ही वाट बघत होतो. हे म्हणत दखनी बोलेल, मी म्हणे मराठी. एक दिवस ती खालून ओरडली, "माय! माय!" मला काय आनंद झाला! पोरीने मला हाक मारली, आणि तीही आमच्या जामखेडच्या बोलीत. मी धावत जिना उतरले, तिला उचललं, पापे घेतले. ती मात्र हात-पाय झाडून आणखीनच ओरडायला लागली. खालाने शांतपणे वाटीत पाणी आणून तिच्या तोंडाला लावलं. तिथल्या बोलीत माय म्हणजे पाणी.

वैनीला ही गोष्ट सांगितली तर ती हसून हसून भिंतीला टेकली. त्यानंतर आम्ही दोघींनी खालाकडून अरबी शिकायला घेतलं; वैनी चुकत चुकत, पण खालाच्याच ठसक्यात बोलायची.

लढाई संपायच्या आधीच वैनीच्या नवऱ्याची बदली मुंबईकडे झाली. त्यांना पोचवायला आम्ही धक्क्यावर गेलो. आम्ही दोघी रडणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, पण वैनी उन्हाने इतकी वैतागली होती की म्हणाली, "आपा, आता पैल्यांदा जाऊन नदीत बसनार हाय मी. पार मानेपत्तूर." मग बोटीची शिट्टी झाली आणि बोलायचं राहून गेलं.

ती गेल्यावर मला एडन ओकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. मी तिथे पुरती रुळले होते. अरबी बोलत होते, बाजारात भाव करत होते. गल्लीतल्या बायका मला लग्नाकार्याला न्यायच्या. गच्चीवर संध्याकाळी वारा सुटला की खाली सगळं गाव दिसायचं, आणि कावळे. एडनचे कावळे हुबेहूब आपल्यासारखे होते. मला ती गच्ची फार आवडायची.

त्यामुळे लढाई संपल्यावर मालकांनी जेव्हा यांना सांगितलं की एडनचं दुकान आता तुम्हीच कायमचं सांभाळा, तेव्हा मला बरं वाटलं. मी धरूनच चालले की आम्ही राहणार. पण हे म्हणाले, "मी नाही म्हणून सांगितलं."

मी चकित झाले. "का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही."

"मग? तुम्हीच मला इथे आणलंत. आता मला इथे करमतं, तर तुम्हाला जायचंय?"

हे कमी बोलणारे. हातातली टेप बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "मी इथे किती गणवेश बेतले, तुला माहीत आहे? ढीगच्या ढीग. ते अंगात घालून माणसं बोटीत बसली आणि गेली. त्यातला एकही मला परत दिसला नाही. कोण जगलं, कोण मेलं, कुणाला बाही आखूड झाली, काही कळलं नाही." टेप सोडून पुन्हा गुंडाळायला लागले. "मला अशा ठिकाणी शिवायचंय की माणूस माझ्या दुकानासमोरून रोज जाईल. तो कपडा विरेल, त्याला ठिगळ लागेल, मग तोच त्याच्या पोरासाठी लहान करून द्यायला माझ्याकडेच आणतील. मला शिवलेला कपडा झिजताना बघायचाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांच्या मनात असं काही असेल याची मला कल्पना नव्हती. मी आणखी दोन दिवस कुरकुर केली, पण मनातून तिथेच हरले होते.

खालाचा निरोप घेणं जड गेलं. ती धक्क्यावर आली नाही. घरातच म्हणाली, "जा. आता बघत बसू नकोस." मुलीला मात्र सोडेना. शेवटी स्वतःच माझ्याकडे दिली आणि आतल्या खोलीत जाऊन मोठमोठ्याने सुनांवर ओरडायला लागली. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचा आवाज येत होता.

नगरला आलो. अम्मा थकल्या होत्या, पण थट्टा तीच. नातीला जवळ घेतलं तर नात अरबीत बोलायला लागली. अम्मा म्हणाल्या, "सून शेतातून आणली, नात वाळवंटातून. माझ्याशी बोलणार कोण?" मुलगी झाडांना बिचकायची. दारातल्या कडुनिंबाची सावली हलली की माझ्यामागे लपायची. मीही आठवडाभर उगीच नळाशी जाऊन उभी राहायची.

शेजारच्या बायका भेटायला आल्या. त्यांना मक्का-मदिनेच्या गोष्टी हव्या होत्या, आणि मी सांगायची भाकरीच्या, कावळ्यांच्या. त्यांची निराशा व्हायची. वडील जामखेडहून आले. लहेजची शेती कशी, पाट कसे काढतात, पेर कधी, सगळं खोदून खोदून विचारलं. हुरड्याचं ऐकून म्हणाले, "आसनारच. जवारी तीच तर मानसं बी तीच." आणि तंबाखू मळायला लागले. एवढ्या प्रवासाचं मी काहीतरी मोठं सांगतेय असं मला वाटत होतं. त्यांना त्यात नवल असं काही दिसलंच नाही.

यांनी कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत लहानसं दुकान टाकलं. सदरे, विजारी, शाळेच्या पोरांचे कपडे. पुढे फाळणी झाली, मग आमच्या जामखेडच्या सीमेला लागून असलेल्या निजामाच्या मुलखात गडबड सुरू झाली, तेव्हा मधले काही महिने वाईट गेले. ओळखीची माणसं नजर चुकवायची. कराचीला गेलेले एक जुने सोबती यांना बोलावत होते. यांनी त्यावर फारसा विचार केला असं मला वाटत नाही. ते रोज सकाळी वेळेवर दुकान उघडत राहिले. शेजारचा भुसारी वाणी आपली खुर्ची उचलून यांच्या दुकानाच्या पायरीवर आणून बसायला लागला. वर्तमानपत्र तिथेच वाचायचा, चहा तिथेच मागवायचा. कुणी काही म्हणालं नाही, आणि ते दिवस निघून गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात वैनीचं बोलावणं आलं. नवऱ्याने नोकरी सोडली होती आणि ते गावी जाऊन भातशेती बघत होते. मी मुलीला घेऊन निघाले. मोटारी बदलत बदलत गेले. अकोले सोडल्यावर पाऊस लागला तो थांबायचं नावच घेईना. डोंगरांवरून जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या धारा. मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती.

वैनी रस्त्यावर घोंगडी पांघरून उभी होती. चांगली गुबगुबीत झाली होती. "बघा आपा, पानी," म्हणाली, जणू तिनेच सोडलं होतं.

घरी तिच्या सासूबाई होत्या, जुन्या वळणाच्या, करड्या डोळ्यांच्या. त्यांनी मला "या" म्हटलं, पण जेवणाच्या वेळी पाट मांडताना घुटमळल्या. वैनीने काही ऐकायची वाट बघितली नाही. स्वतःच्या पाटाला लागून माझा पाट ठेवला, मुलीला मध्ये बसवलं आणि वाढायला घेतलं. सासूबाई स्वतः लांब, दाराशी जाऊन बसल्या.

मला अवघडल्यासारखं झालं. तेवढ्यात वैनी माझ्याकडे न बघता, भात कालवता कालवता, खालाच्या त्या ठसक्यात अरबीत म्हणाली, "म्हातारीकडे लक्ष देऊ नकोस. मनाने चांगली आहे, फक्त उशिरा उकळते."

मीही अरबीत म्हटलं, "तुझं अरबी अजून वाईटच आहे."

"भात बघून तुझं तोंड होतं, तितकं वाईट नाही."

आणि मुलगी, जी तोवर गप्प होती, ती एकदम दोघींमध्ये तोंड घालून त्याच भाषेत भराभर बोलायला लागली. कितीतरी महिन्यांत तिला कुणी त्या भाषेत बोलताना ऐकलं नव्हतं. आम्ही तिघी हसायला लागलो ते थांबता थांबेना.

"काय बोलत्यात गं ह्या?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"तुमच्या भाताचं कवतिक चाललंय, आत्याबाई," वैनी म्हणाली.

सासूबाईंनी थोडा वेळ आमच्याकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण पोरीचं ते तुरुतुरु बोलणं त्यांना गंमतीचं वाटलं असावं. त्या हळूहळू सरकत जवळ आल्या. "आनि पोरीला इचार," म्हणाल्या, "तिकडच्या भाषंत भाताला काय म्हंत्यात?"

मुलीने सांगितलं. सासूबाईंनी तो शब्द म्हणून बघितला, चुकला, पुन्हा म्हणून बघितला. मग पातेलं ओढून घेतलं आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

मी चार दिवसांसाठी गेले होते, दहा राहिले. निघताना सासूबाईंनीच आंबेमोहराचं गाठोडं बांधून दिलं आणि पुढच्या वेळी भात लावणीला या, चिखलात उतरायला माणसं लागतात, असं बजावलं. मी येते म्हटलं, आणि पुढे खरोखरच गेलेही. मला लावणी काही जमली नाही. माझी रोपं वाकडी लागायची, वैनी मागून येऊन ती सरळ करायची, आणि आम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बोलत असू.